पंचांची खोली हा पाहुणचार नव्हे

तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांची नियोजन बैठक आठवून पाहा. मैदानाची आखणी, मंडप, पाण्याचे जार, उद्घाटनाचे पाहुणे, त्यांचे हारतुरे, सगळ्यावर चर्चा होते. पंचांनी कपडे कुठे बदलायचे, असं कुणी विचारलंच तर हशा पिकतो. ‘अहो, दोन सामन्यांपुरते येतात, घरूनच घालून यावं!’

दोन सामन्यांपुरतं कुणीच येत नाही. तालुकास्तरावर सकाळी पहिली शिट्टी वाजते आणि १४, १७, १९ वर्षांखालचे गट उरकेपर्यंत ऊन कललेलं असतं. आपला शालेय हंगाम सुरू होतो तोच पावसाळ्यात. पंच बहुधा कुठल्यातरी शाळेचे क्रीडाशिक्षक. एसटीने किंवा दुचाकीवर चिखल उडवत पोहोचणारे. गणवेश मात्र पांढरा हवा, आणि तो डागाळलेला दिसला की नाकं मुरडणारेही हेच आयोजक.

महिला पंचांचं तर विचारूच नका. रेनकोटखाली गणवेश चढवूनच घरून निघायचं, दिवसभर पाणी बेतानं प्यायचं आणि ओल्या कपड्यांतच परतीची गाडी पकडायची. वर ‘मुलींच्या सामन्यांना महिला पंच मिळत नाहीत हो’ अशी तक्रार! मिळतील कशा?

‘पूर्वीचे पंच झाडाआड कपडे बदलायचे’ हा युक्तिवाद सोडून देऊ. पूर्वी पुष्कळ काही झाडाआड व्हायचं.

एका आक्षेपात मात्र वजन आहे. शाळेत मुलामुलींनाच धड स्वच्छतागृह नाही, तिथे पंचांचे चोचले कशाला? शिक्षणहक्क कायद्याला, म्हणजे २००९च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं आणि मैदान लिहिलेलं आहे. ते आधी व्हावं, याबद्दल दुमत नाही. पण पंचांसाठी बांधकाम मागतंय कोण? सामन्यांच्या दिवसापुरता एक वर्ग मोकळा करा. दाराला आतून कडी, खिडक्यांना पडदे, भिंतीला चार खुंट्या, एक बाक, पाण्याची बादली. महिला पंच असतील तर असाच दुसरा वर्ग. खर्च हारतुऱ्यांपेक्षा कमी येईल.

शिवाय हा प्रश्न मुलांचाही आहे. खोली नसली की पंच खेळाडूंच्याच वर्गात कपडे बदलतात. चौदा वर्षांखालची पोरं आणि चाळिशीतला अनोळखी गृहस्थ एकाच बंद दाराआड असणं गैर आहे. पोरांच्या दृष्टीनं आणि त्या गृहस्थाच्याही, कारण उद्या कुणी संशय घेतला तर तो काय सांगणार? अठरा वर्षांखालच्या खेळाडूंबरोबर प्रौढांनी एकाच वेळी कपडे बदलू नयेत, असं इंग्लंडची फुटबॉल संघटना आपल्या बालसुरक्षा मार्गदर्शनात सांगते. आपल्याला एवढं कळायला इंग्लंडला जायची गरज पडू नये.

तरीही माझं खरं भांडण सोयीसाठी नाहीच, निकालाच्या विश्वासासाठी आहे. स्वतःची जागा नसलेला पंच सामन्याआधी बसतो कुठे? यजमान शाळेच्या शिक्षककक्षात. समोर चहा-पोहे, शेजारी यजमान संघाचे प्रशिक्षक, आणि दारातून हे दृश्य पाहणारा पाहुणा संघ. पंच धुतल्या तांदळासारखा असला तरी कबड्डीत अटीतटीच्या वेळी त्यानं यजमानांना बोनस गुण दिला की पाहुण्यांना पोहेच आठवणार. या स्पर्धांवर दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांची आशा टांगलेली असते. म्हणून पालकही चटकन तापतात.

कबड्डीत सरपंच, दोन पंच, रेषापंच, गुणलेखक अशी फळीच लागते. निरनिराळ्या गावांतून आलेल्या या माणसांनी सामन्याआधी खुणांबद्दल, रेषेवरच्या निर्णयांबद्दल आपसांत बोलून घ्यायला हवं. ते गर्दीत बोलता येत नाही. शेवटच्या शिट्टीनंतर तर परीक्षाच. गुणपत्रिका तपासायची, सह्या करायच्या, हरकत आली तर अहवाल लिहायचा. आणि हे सगळं उघड्या टेबलावर, भोवती मोबाइल रोखून उभ्या असलेल्या गर्दीत. फुटबॉलच्या नियमांनुसार पंचाचा शिस्तीचा अधिकार तो सामन्यापूर्वी मैदान पाहायला उतरतो तिथपासून सामन्यानंतर मैदान सोडेपर्यंत चालतो. मैदान सोडून त्यानं जायचं कुठे, याची सोय मात्र आपल्याकडे एसटी स्टँडवर!

दर १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीनिमित्त आपण कबड्डी दिन साजरा करतो, भाषणं होतात. त्याच सुमारास जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयांनी यजमानपदाच्या अटींत एक ओळ घालावी: पंचांसाठी स्वतंत्र, कडी-कुलपाची खोली असल्याशिवाय मैदान मंजूर होणार नाही. आणि खोलीची किल्ली यजमान शाळेच्या क्रीडाशिक्षकाकडे राहता कामा नये. बहुतेक वेळा त्याचाच संघ मैदानात असतो. ती सकाळी सही घेऊन सरपंचाच्या हाती द्यावी आणि शेवटची गुणपत्रिका जमा झाल्यावरच परत घ्यावी.