चूल नसलेल्या खोल्या

नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या जिन्यावर दुपारी दीडच्या सुमारास एक मुलगा डबा उघडतो. चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, पातळ वरण. भात आणि वरण तो संपवून टाकतो, कारण ते रात्रीपर्यंत टिकत नाही. दोन पोळ्या अर्ध्या भाजीशी खातो, उरलेल्या दोन कागदात गुंडाळतो आणि डब्याचे झाकण लावतो. ते त्याचे रात्रीचे जेवण. एप्रिलच्या उकाड्यात आठ वाजता झाकण काढल्यावर तो आधी वास घेतो. भाजी आंबली असेल तर पोळीवर मेसची चटणी, नाहीतर खाली उतरून वडापाव आणि कटिंग. डबा एका वेळचा आणि पोट दोन वेळचे, हा हिशेब पुण्याच्या पेठांत इतका रुळला आहे की त्याबद्दल आता कुणी तक्रारही करत नाही. आमच्या दृष्टीने धोक्याची घंटा हीच आहे.

बीड, नांदेड, यवतमाळ, नंदुरबारहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या अशा मुलांच्या खर्चाची मांडणी पाहावी. कॉटचे भाडे ठरलेले, अभ्यासिकेची फी ठरलेली, क्लासचे पैसे आधीच भरलेले, पुस्तके आणि परीक्षांचे अर्ज टाळता येत नाहीत. घरून पैसे उशिरा आले की मागेपुढे करता येईल अशी एकच बाब उरते, ती म्हणजे जेवण. मग दोन वेळची मेस एक वेळची होते, दोघांत एक डबा येतो, सकाळचा नाश्ता चहा-बिस्किटांवर निभावतो. परीक्षा पुढे ढकलली जाते तेव्हा ही ओढाताणही पुढे सरकते, आणि वर्षाची तीन वर्षे होतात.

अशा मुलांना आहाराचे सल्ले भरपूर मिळतात. फळे खा, दूध प्या, सुकामेवा ठेवा. वास्तविक स्वस्त आणि सकस खाणे काय असते हे या मुलांना शिकवण्याची गरज नाही. त्यांच्या आयांनी तेच रांधले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या निकषाप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या मुलाला साधारण 50 ग्रॅम. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून त्यातले सात-आठ ग्रॅम चार-पाच रुपयांत मिळतात. दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा ग्रॅम. मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, पिठले, वर लिंबाची फोड आणि कच्चा कांदा: वडापाव आणि दोन चहांच्या पैशांत हे ताट होऊ शकते. वडापाव पोट भरतो, पण तो मुख्यतः मैदा, बटाटा आणि तेल आहे. शिवाय जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातले लोह नीट अंगी लागू देत नाही, आणि या मुलांचे निम्मे जेवण चहाबरोबरच होते.

अडचण ज्ञानाची नाही, चुलीची आहे. मटकीला मोड खोलीतही आणता येतात, पण ती शिजवायची कुठे? खोली देताना मालकाची पहिली अट असते, ‘रूमवर स्वयंपाक करायचा नाही.’ पाणी तापवायची कॉइलसुद्धा सापडली तर जप्त होते. अंडे उकडायला मुले चोरून इलेक्ट्रिक किटली वापरतात. मालकांची भीती आम्ही खोटी मानत नाही. जुन्या वाड्यांचे लाकडी जिने, पन्नास वर्षांपूर्वीचे वायरिंग, एका खोलीत सहा कॉट. तिथे शेगडी पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण. पाच किलोचा छोटा सिलिंडर आता पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. पण तो ठेवायला सुरक्षित जागा नसेल तर त्याचा उपयोग काय? म्हणून प्रश्न खोलीत चूल पेटवू देण्याचा नाही, इमारतीत स्वयंपाकघर असण्याचा आहे. भाडे घेताना कॉट मोजल्या जातात. त्या कॉटवर झोपणारा जेवणार कुठे, हे कुणी विचारत नाही.

आणि जिथे स्वयंपाकघर होते तिथलेही सरकारने काढून घेतले. 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरांतल्या आपल्या वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकण्याचे ठरवले. त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते: पैसे नकोत, मेस हवी. खात्यात उशिरा आलेला हप्ता कालच्या भुकेला पुरत नाही, हे त्यांना अनुभवाने कळत होते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत भोजनासाठी तिच्यात वर्षाला 32 हजार रुपये धरले, म्हणजे दिवसाला 88 रुपये. पेठेतली दोन वेळची मेस महिन्याला तीन हजारांच्या खाली क्वचितच मिळते. त्यातही हप्ता रखडला की मुलगा मेसवाल्याकडे उधारी करतो, आणि उधारी वाढली की मेसचा रस्ता बदलतो.

मुलींचे हाल वेगळेच. रात्री नऊनंतर मेस बंद, वसतिगृहाचे दारही बंद, आणि टपरीवर एकटीने उभे राहणे नको वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. चक्कर, केस गळणे, पाळीची अनियमितता, वाचलेले डोक्यात न राहणे, या सगळ्याला ‘अभ्यासाचा ताण’ असे नाव देऊन आपण मोकळे होतो.

वृत्तपत्रेही, आम्ही धरून, या दोषातून सुटत नाहीत. निकाल लागला की ‘एक वेळ जेवून झाला अधिकारी’ असा मथळा आपण कौतुकाने छापतो. त्याच कॉटवर आम्लपित्त आणि अशक्तपणा घेऊन गावी परतलेल्यांचा मथळा होत नाही. उपासमारीला तपश्चर्या म्हणण्याची ही सवय सोडली पाहिजे. ज्या महाराष्ट्रात भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या धान्यासाठी मंगळसूत्र विकले, तिथे शिक्षणाचा आरंभ भाकरीपासून झाला होता.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते खर्चिक नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी 26 जानेवारी 2020 पासून मिळते: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ती फक्त दुपारी असते. अभ्यासिकांच्या परिसरात ती संध्याकाळीही द्यावी आणि तिच्यात एक उसळ वाढवावी. महापालिकेने वसतिगृहांना आणि मोठ्या कॉट-खोल्यांना परवाना देताना सामायिक स्वयंपाकघर, सुरक्षित गॅसजोडणी आणि आग विझवण्याची सोय ही अट घालावी. शासकीय वसतिगृहांत खानावळ असलीच पाहिजे. स्वाधारचा भोजनाचा भाग दर महिन्याच्या पाच तारखेला जमा व्हावा, आणि त्याची रक्कम बाजारभावाला बांधलेली असावी.

रविवारी दुपारी मेसमध्ये ‘फीस्ट’ असते आणि संध्याकाळी मेस बंद असते. पेठांतली मुले त्या संध्याकाळसाठी दुपारीच पोटाला तडस लागेपर्यंत जेवून घेतात. मंत्रालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत आज बसलेले कितीतरी अधिकारी याच खोल्यांतून गेले आहेत. ती संध्याकाळ त्यांनी काढलेली आहे. वरच्या मागण्यांवर सही त्यांनाच करायची आहे.