चुकीच्या नाण्याचे मोल



31 मे 2025 रोजी देवी अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त भोपाळला 300 रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. तेव्हापासून आमच्या शाळेत नाणी जमवण्याच्या शौकाला चांगलाच जोर आला आहे. वाचनालयात नाण्यांचे कपाट करायचे विश्वस्तांनीही मनावर घेतले आहे. त्या कपाटासाठी छपाईत चूक झालेले एखादे स्मारक नाणे जास्त पैसे देऊन घ्यावे, पुढे त्याचे मोल वाढेल, अशी सूचना आली. काही मुलेही खाऊचे पैसे अशा नाण्यांत घालू लागली आहेत. म्हणून आमचे मत मांडतो.

चुकीमुळे किंमत वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन साच्यांमध्ये दाबली जाते. चकती नीट बसली नाही की छाप एका बाजूला सरकतो. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूस त्याचीच उलटी, खोलगट छाप उमटते. अशी नाणी तपासणीत बाजूला काढली जातात, त्यातून एखादे निसटते. ते विरळ असते म्हणून संग्राहक त्याला जास्त पैसे देतात.

पण पैसे चुकीचे की विरळपणाचे? आमच्या मते विरळपणाचे. याचा दाखला आपल्या घरचाच आहे. अहिल्याबाईंच्या काळी नाणी हाताने, हातोडा मारून पाडत. साचा चकतीहून मोठा असे, त्यामुळे काही अक्षरे हमखास बाहेर जात. शिवलिंग आणि बेलपत्र असलेल्या त्या रुपयांत छाप सरकलेला असणे ही रोजची गोष्ट. तिथे संग्राहक जास्त पैसे मोजतो तो पूर्ण, मधोमध उमटलेल्या नाण्याला. यंत्राच्या नाण्यात नेमके उलटे होते. म्हणजे जे दुर्मिळ, ते महाग.

2007 साली अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या एक डॉलरच्या नाण्यांपैकी काहींच्या कडेवर अक्षरेच उमटली नाहीत. सुरुवातीला लोकांनी एकेका नाण्याला शेकडो डॉलर मोजले. मग कळले की अशी नाणी हजारोंनी आहेत, आणि भाव कोसळले. घाईने घेणारे फसले. 2013 साली आयर्लंडने लेखक जेम्स जॉइस यांच्यावर 10 युरोचे चांदीचे नाणे काढले. त्यावरील त्यांच्या वाक्यात एक शब्द जास्तीचा पडला. पण ती चूक सर्वच्या सर्व 10,000 नाण्यांवर होती. सगळ्यांवर सारखीच असलेली चूक ही वेगळी जात होत नाही. तिची गोष्ट होते, इतकेच.

दुसरा धोका फसवणुकीचा. आपल्याकडे सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असली तर नाणे मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, गोल ठिपका असला तर नोएडाचे. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. ही चूक नव्हे, तो टांकसाळीचा पत्ता आहे. तरी ‘ठिपक्याचे नाणे’, ‘बिनखुणेचे नाणे’ म्हणून ते विकणारे आहेत. कड कानसीने घासून ‘कापलेले नाणे’ तयार करणारेही आहेत. टांकसाळीत चकती खरोखर अपुरी कापली गेली असेल, तर बहुधा तिच्या नेमक्या समोरची कडही पुसट उमटते. घासलेल्या नाण्यात ती ठसठशीत राहते. जुनी नाणी खरेदी करण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन शुल्क मागितले जाते. बँकेने स्वतः ऑगस्ट 2021 मध्ये याबद्दल लोकांना सावध केले होते.

आणखी एक गोष्ट. स्मारक नाणे कोणाच्या तरी स्मरणार्थ असते. 1964 साली पंडित नेहरूंच्या नाण्यापासून आपल्याकडे ही प्रथा सुरू झाली. 1999 साली संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया आला, शिवाजी महाराजांचे दोन रुपये आले. ही चलनातली नाणी होती; किराणा दुकानातल्या सुट्ट्या पैशांत मुलांच्या हाती पडत. इंदूरच्या मुलाने अहिल्याबाईंचे नाणे हातात घ्यावे आणि आधी त्यावरची खोट शोधावी, हे आम्हांस पटत नाही. आधी ते कोणाचे, कशासाठी, कोणत्या टांकसाळीचे, हे त्याला सांगता आले पाहिजे.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे, की शाळेचा पैसा नीट छापलेल्या, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेल्या नाण्यांवरच लावावा. मुलांनी चुकीची नाणी जरूर शोधावीत, पण घरातल्या सुट्ट्या पैशांत. तिथे सापडलेल्या चुकीला दर्शनी किमतीहून जास्त पैसा लागत नाही आणि नजर मात्र तयार होते. पालकांनी एवढेच पाहावे, की पुढे भाव वाढेल या आशेवर मुलाचा खाऊचा पैसा जाऊ नये. असे एखादे नाणे खरोखर सापडले, तर शाळेत घेऊन या. आपण सगळे मिळून भिंगाखाली पाहू, आणि कपाटात त्यालाही सापडवणाऱ्याच्या नावासह जागा देऊ.