जलदान विधी होतो, मग वारस नोंद का होत नाही?

आमच्या आष्ट्यात समाजातले कुणी गेले की काही दिवसांत जलदान विधी होतो. बौद्धाचार्य येतात, त्रिसरण-पंचशील होते, दोन-चार कार्यकर्ते गेलेल्या माणसाविषयी बोलतात, भोजनदान होते, मांडव उतरतो. आणि त्यानंतर त्या माणसाचे नाव सातबारावर, घरपट्टीच्या पावतीवर आणि बँकेच्या पासबुकावर वीस-वीस वर्षे तसेच राहते. माणूस मेला, कागदावर मात्र जिवंत!

काही घरांत मात्र मांडव उतरायच्या आधीच एक काम होते. लेकीला आतल्या खोलीत बोलावतात. "आक्का, तुला काय कमी हाय? एक सही करून टाक, म्हंजे मिटलं." आक्का रडून लाल झालेल्या डोळ्यांनी सही करते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि त्याला सकाळीच नवा हार घातलेला असतो.

मित्रांनो, मला या लेखात याच सहीविषयी बोलायचे आहे. प्रोबेट, वारस दाखला, हक्कसोड हे शब्द निघाले की आपले कार्यकर्ते म्हणतात, "ते वकिलाचं काम." माझे म्हणणे उलटे आहे. हे चळवळीचेच काम आहे आणि आपण ते सोडून दिले आहे.

बाबासाहेबांनी मंत्रिपद कशासाठी सोडले?

सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक मोठे कारण होते. हे आपण जयंतीला दरवर्षी सांगतो. पण त्या बिलात होते काय? बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने मुलीचा वाटा वाढवून मुलाच्या बरोबरीचा केला होता. विरोधकांना झोंबले ते हेच. पुढे बिलाचे तुकडे होऊन त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये आला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

म्हणजे जो वाटा देण्यासाठी बाबासाहेबांनी खुर्ची सोडली, तो आपण आतल्या खोलीत एका सहीने परत घेतो. मग आपल्यात आणि त्या बिलाच्या विरोधकांत फरक काय राहिला?

नेहमीचे प्रश्न

"आपण बौद्ध. मग हिंदू कायदा आपल्याला का?" तरुण पोरे हा प्रश्न रागाने विचारतात आणि तो राग रास्त आहे. पण उत्तर समजून घ्या. या कायद्याच्या कलम २ प्रमाणे तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र कायदा ही वेगळी मागणी आहे, ती जरूर लढू. पण तोवर बहिणीचा वाटा टांगून ठेवायचा का? धर्मांतराचा आधार घेऊन बहिणीला नाकारणारा माणूस बावीस प्रतिज्ञांतली समतेची प्रतिज्ञा कुठे ठेवतो?

"मृत्युपत्र नसेल तर कुणाला किती?" समजा, वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे आजी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पाच सारखे वाटे होतात. आजीचाही एक. लेकीच्या लग्नात झालेला खर्च या हिशेबात कुठेच येत नाही.

"मृत्युपत्र आहे, मग प्रोबेट लागेल का?" प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला. आष्ट्यातल्या माणसाने आष्ट्यात केलेल्या, इथल्याच घरा-जमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट कधीच सक्तीचे नव्हते. ती सक्ती मुंबईसारख्या जुन्या इलाखा शहरांतली मालमत्ता किंवा तिथे केलेले मृत्युपत्र असेल तर होती. मुंबईला कामाला गेलेल्या आपल्या चुलत्यांनी तिथे खोली घेतली, तिच्यासाठी पोरांनी कोर्टाच्या खेपा घातल्या, त्या या कलम २१३ पायी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकले. वाद असेल तर आजही प्रोबेट मागता येते, पण "प्रोबेटशिवाय काही होत नाही" असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर त्याला कलम विचारा.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे पुरते. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका.

"खात्याला नॉमिनी मी आहे, म्हणजे पैसे माझे ना?" नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, पण ते वारसांच्या वतीने. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सांगितले आहे.

"वारस दाखला कुठून काढायचा?" इथे तीन कागदांची गल्लत होते. जमिनीला लागते ती वारस नोंद, ती तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे. दिवाणी न्यायालय १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली देते तो वारस दाखला. आणि बँकेतली रक्कम, शेअर्स, येणी यांसाठी न्यायालय देते ते सक्सेशन सर्टिफिकेट. आपली माणसे एकाच्या जागी दुसरा कागद घेऊन वर्षभर फिरतात. आधी विचारा, कागद कशासाठी हवा आहे?

वतनाची जमीन कशी जाते?

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. जमीन वतनदाराला परत मिळायची सोय झाली ती नवीन व अविभाज्य शर्तीवर, म्हणजे विक्री किंवा सरस-निरस वाटप करायला कलेक्टरची परवानगी हवी. तेव्हा कब्जेहक्काची रक्कम भरली कुणी? थोरल्या भावाने किंवा ज्याला लिहिता-वाचता येत होते त्याने. त्याचे नाव लागले. धाकटे मुंबईला गेले, बहिणी नांदायला गेल्या. थोरला गेला, त्याचा मुलगा गेला. आज एका अर्ध्या एकरावर तीन पिढ्यांचे पन्नास वारस आहेत आणि उताऱ्यावर एका मेलेल्या माणसाचे नाव आहे.

अशा जमिनीच्या वासावर दलाल असतात. ते मुंबईतला एखादा नातू गाठतात, हातावर थोडी रक्कम ठेवतात आणि कुलमुखत्यारपत्र लिहून घेतात. पुण्याजवळच्या मुंढव्याच्या चाळीस एकर महार वतनाचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये गाजला. तिथेही मूळ वतनदारांच्या वारसांकडून कुलमुखत्यारपत्रे घेतल्याचे समोर आले. टीव्हीवर चर्चा झाली ती नेत्यांच्या नातेवाइकांची. वतनदारांचे वारस कोण आणि त्यांची नावे उताऱ्यावर का नव्हती, हा प्रश्न आपणही लावून धरला नाही.

लक्षात घ्या, वर्ग दोनच्या जमिनीलाही वारसांची नावे लावायला कलेक्टरची परवानगी लागत नाही. वारसा म्हणजे विक्री नव्हे. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचे. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र द्यायचे. वारस नोंदवहीत नोंद होते, फेरफार धरला जातो, पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, आजही अर्ज करता येतो. २०२५ मध्ये सरकारने "जिवंत सातबारा" मोहीमच काढली. आपल्या किती वस्त्यांतून कार्यकर्ते त्यासाठी फिरले?

आणि भगिनींनो, उताऱ्यावर नाव लागले नाही म्हणून तुमचा हक्क मरत नाही. तोंडी "मला नको" म्हटल्यानेही मरत नाही. मरतो तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. ते फसवून करून घेतले असेल तर समजल्यापासून तीन वर्षांत कोर्टात जाता येते, पण ती वाट दमवणारी आहे. सही करायच्या आधी थांबा.

"आपल्याकडे आहेच किती?"

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. दोन खोल्या आणि वीस गुंठे, त्यात बहिणीला काय देणार? आईला आम्ही सांभाळले, कर्ज आम्ही फेडले. ही अडचण खोटी नाही. पण वाटा म्हणजे लगेच भिंत घालणे नव्हे. नाव आधी लावा. मग भाऊ-बहीण समोरासमोर बसा, कर्ज आणि दवाखाना हिशेबात धरा, भावाने रक्कम द्यावी की बहिणीने राजीखुशीने सोडावे ते ठरवा. नाव लागल्यावर सोडले तर तो निर्णय असतो. नाव न लावताच काढून घेतले तर ती लूट असते. आणि थोडे आहे म्हणूनच कागद हवा. रस्त्याला जमीन गेली तर मोबदल्यासाठी आधी उतारा बघतात.

कागद अडकला की समाजाचे काय होते, हे बाबासाहेबांच्या बाबतीतच आपण पाहिले आहे. महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अप्रकाशित हस्तलिखितांच्या पेट्या न्यायालयाच्या ताब्यात आणि पुढे महाराष्ट्राच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे पडून होत्या. राज्य सरकारची समिती १९७६ ला झाली, पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला आला. 'रिडल्स' छापून यायला १९८७ उजाडले. तब्बल ३१ वर्षे! एक आख्खी पिढी ते न वाचता गेली.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. जलदान विधीत दोन भाषणे कमी करा. एका शिकलेल्या कार्यकर्त्याने उभे राहून सगळ्यांसमोर वारसांची नावे वाचावीत: आई, पत्नी, मुलगे, मुली. एकही नाव गाळायचे नाही. आठवडाभरात त्याच यादीने अर्ज द्यायचा आणि पोच घरात ठेवायची. आणि त्या दिवशी कुठल्याही बहिणीची सही घेतली जाणार नाही, एवढे विहारात बसून एकदा ठरवायचे.

पुढच्या जलदान विधीला मी ती यादी मागणार आहे. तुम्हीही मागा.

जय भीम!