व्रत आमचं, फलक त्यांचा



चातुर्मास जवळ आला की आपल्याकडे याद्या सुरू होतात. कोण आयंबिलाची ओळी करणार, कोण अठ्ठाई, कोणाचा चउविहाराचा नेम. त्याच सुमारास मोठ्या शहरांतल्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतही एक यादी होत असते: या सणाला आपण असं काय करायचं की लोक आपल्याकडेच बघतील? साबण सगळ्यांचा सारखाच फेसाळतो, बिस्किट सगळ्यांचं सारखंच लागतं. मालात फरक उरला नाही की फरक बाहेरून आणावा लागतो. त्याला आजकाल ‘हटके कल्पना’ म्हणतात. आता ही हटके कल्पना शोधत कंपन्या आपल्या ताटापर्यंत, तपापर्यंत आणि स्थानकाच्या दारापर्यंत आल्या आहेत. माझं भांडण तिथे आहे.

आधी न्यायाचं बोलते. चाकोरी मोडणं वाईट नाही. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरी पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या घरात असताना त्यांनी निरमा तीन-साडेतीन रुपयांना दिली. शहाण्या ललिताजी टीव्हीवर आपल्याला स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक समजावत होत्या, पण ज्या बाईला सर्फ परवडतच नव्हती तिच्या हातात निरमा होती. शेवटी मोठ्या कंपनीलाही ‘व्हील’ काढावी लागली. आपल्या महाराष्ट्रात केशव पेंढारकरांनी १९५२ मध्ये विको सुरू केली आणि सगळी दुनिया पांढऱ्या क्रीमच्या मागे असताना त्यांच्या घराण्याने पिवळी हळद ट्यूबमध्ये घालून विकली. ही माणसंही वेगळी वागली. पण त्यांच्या वेगळेपणातून आपल्या घरात काहीतरी आलं: कमी दाम, ओळखीची हळद. माझी कसोटी एवढीच आहे. वेगळेपणातून घरात काय आलं आणि घरातून काय गेलं?

ही कसोटी आता तीन गोष्टींना लावून बघा.

पहिली गोष्ट २०१३ ची. प्रयागच्या महाकुंभात लाईफबॉयने तिथल्या भोजनालयांत बनणाऱ्या पोळ्यांवर गरम ठसा मारला: लाईफबॉयने हात धुतलेत का? अशा पंचवीस लाख पोळ्या. जाहिरातवाल्यांच्या जगात या कल्पनेचं फार कौतुक झालं. हात धुवायला सांगणं चांगलंच आहे, मी पण दिवसातून दहा वेळा नातवंडांना सांगते. शाई वापरली नव्हती, हेही खरं. पण साबणाच्या नावाविना, नुसतं ‘हात धुतलेत का’ एवढंच लिहिलं असतं तर आरोग्याचं काम झालं नसतं का? झालं असतं, पण मग कंपनीचं काम झालं नसतं. यात्रेकरूचं अन्न हे कोऱ्या भिंतीसारखं वापरलं गेलं. ज्या घरांत अन्न पुढ्यात आलं की आधी हात जोडतात, त्या घरांतल्या बाईला हे खटकलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या नावावर झाली. १९ मार्च २०२४ ला झोमॅटोने ‘शुद्ध शाकाहारी’ सेवा जाहीर केली. फक्त शाकाहारी उपाहारगृहांतलं जेवण आणणारी वेगळी मुलं, त्यांचे डबे हिरवे आणि अंगावरचे कपडेही हिरवे. आपल्यापैकी कितीतरी जणींना आनंद झाला असेल. पण दुसऱ्याच दिवशी कंपनीला हिरवे कपडे मागे घ्यावे लागले. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: लाल कपड्यातला मुलगा दिसला की तो मांसाहारच आणतोय असं समजून एखादी सोसायटी त्याला दारातच अडवेल.

कोण असतो हा लाल कपड्यातला मुलगा? आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जशी माणसं जातात, तशी आता गाडी घेऊन पुण्याला मुलंही जातात. आष्टी-पाटोद्याचा एखादा पोरगा भर उन्हात चार जिने चढून कोणाचं तरी जेवण पोचवतो. त्याच्या पाठीवर कोणता रंग आहे यावरून त्याला फाटकाबाहेर उभं करायचं, आणि तेही आपल्या अहिंसेच्या नावाने? एका डब्यातला वास दुसऱ्या जेवणाला लागतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते मला पटतं. पण वास डब्यात असतो, सदऱ्यात नसतो. डबा वेगळा करून काम भागत होतं. सदऱ्याचा रंग होता रस्त्यावरच्या लोकांना दिसावा म्हणून.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका ग्राहकाने दाखवून दिलं की शाकाहारी पर्याय निवडला म्हणून बिलात दोन रुपये वेगळे लावले जात आहेत. बोभाटा झाल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि आकार काढून टाकला. दोन रुपयांनी कोणी गरीब होत नाही. पण आधी आपल्या आहाराचा सन्मान म्हणून जी गोष्ट मांडली होती, तिची किंमत वर्षभरात बिलावर आलीच ना?

तिसरी गोष्ट आपल्या पिशवीतली. मागच्या पर्युषणाआधी मोंढ्यातल्या दुकानात माझ्या हाती एक पाकीट आलं. वर ठळक अक्षरांत ‘जैन चिवडा’. उलटून बघितलं तर मुंगीएवढ्या अक्षरांत घटक, आणि त्यांत बटाट्याचा स्टार्च. दुकानदारदादांना दाखवलं. ते म्हणाले, “भाभी, कांदा-लसूण नाही म्हणून जैन.” झालं! हजारो वर्षांचा विचार एका मसाल्याच्या यादीत बसवला.

आपल्याला वाटतं हिरवा ठिपका आहे ना, मग काळजी कसली. तो ठिपका मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच सांगतो. कंदमुळांविषयी त्याला काही बोलायचं नसतं. आणि जे सांगायचं असतं तेही नीट सांगितलं जातं का, हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला होता. चिप्स, नूडल्स यांच्या चवीसाठी डायसोडियम इनोसिनेट नावाचा पदार्थ वापरतात, पाकिटावर फक्त ६३१ असा आकडा असतो. तो मांस किंवा माशांपासूनही बनवता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता आकडा चालणार नाही, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हेही लिहिलं पाहिजे. ‘जैन’ हा शब्द पाकिटावर मोठा आणि खरी माहिती आकड्यामागे लपलेली, ही त्यांची रीत.

आता आपलं शास्त्र काय सांगतं ते आठवा. श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यांत खोटं माप येतं, आणि चांगला माल दाखवून हलका देणंही येतं. पाकीट तेच, दाम तेच आणि आतला माल दर वर्षी दहा ग्रॅमने कमी, याला कंपन्या धोरण म्हणतात. आपल्याकडे त्याला अतिचार म्हणतात. सातव्या व्रतात तर सव्वीस बोल आहेत: अंग पुसायचं वस्त्र, दातण, अंगाला लावायचं तेल, उटणं, स्नानाचं पाणी. आजच्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या मालाची यादी काढा, जवळजवळ हीच निघेल. फरक एवढाच की त्यांना ती यादी वाढवायची आहे आणि आपल्याला तिची मर्यादा बांधायची आहे. उपासकदशांगातले आनंद श्रावक कोट्यधीश होते, पण दातणासाठी त्यांनी ओलं ज्येष्ठमध तेवढं ठेवलं आणि बाकीचं सोडलं. ज्या धर्मात ‘एवढं पुरे’ म्हणण्याला व्रत म्हणतात, त्याच धर्माच्या पाठीवर ‘आणखी घ्या’चा फलक कसा लावायचा?

हे सगळं दूरचं नाही. गेल्या वर्षी एका कंपनीचे वितरक आमच्या महिला मंडळाकडे आले. शॅम्पूच्या आणि साबणाच्या भेटपिशव्या प्रभावनेसाठी फुकट देतो म्हणाले. बदल्यात तपस्वींच्या शोभायात्रेत फक्त एक फलक धरायचा. दोन मतं पडली. सुनांच्या वयाच्या मुली म्हणाल्या, “मावशी, मंडळाचे पैसे वाचतील, त्यात पाप काय?” त्यांचं अगदीच चूक नाही. मंडळाची पेटी कधी भरलेली नसते. विषय तसाच राहिला आणि ते यंदा परत येणार आहेत.

माझं मत मी स्पष्ट लिहिते. आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर राहिलेली एखादी मुलगी रथात बसलेली असते. तिने देहाचे लाड सोडले म्हणून आपण तिच्यापुढे हात जोडतो. तिच्याच पुढे केसांच्या चमकेचा फलक नाचवायचा, तर मग आपण अनुमोदना कशाची करतोय? प्रभावना पतासा वाटूनही होते. पैसे कमी असतील तर प्रभावना लहान करा. ती लहान झाल्याने धर्म लहान होत नाही.

नुसतं चिडून उपयोग नाही. मागितलं की मिळतं, हेही आपण पाहिलं आहे. मिठाईवरचा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या थरांत कुटला जायचा. पुण्याच्या ‘ब्यूटी विदाऊट क्रुएल्टी’सारख्या संस्था आणि आपला समाज वर्षानुवर्षं बोलत राहिले, आणि २०१६ मध्ये प्राणिज वस्तू वापरून बनवलेल्या वर्खाला सरकारने मनाई केली.

म्हणून यंदाच्या चातुर्मासात तीन गोष्टी करू या. तपाच्या पत्रिकेवर, शोभायात्रेत, पारण्याच्या मंडपात कुठल्याही मालाचं नाव नको. पाकीट घेताना पुढचा भाग सोडा आणि मागचा वाचा. वजन बघा, बहुतेक पाकिटांवर ग्रॅममागची किंमतही आता छापलेली असते, तीही बघा. आणि ‘जैन’ लिहून कंदमूळ विकणारं पाकीट दिसलं तर त्याचा फोटो काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. एकीची तक्रार कदाचित कपाटात जाईल, मंडळातल्या चाळीस जणींची जाणार नाही.

आणि वितरक आले तर त्यांना चहा द्या, बसायला सांगा. तेही पोटासाठीच फिरत आहेत. फलक मात्र त्यांच्यासोबत परत पाठवा.