पाळण्यांतलें पाप

पाळण्यांतल्या मुलाच्या माथीं पाप असतें काय? कॅथॉलिक म्हणतात, आदामाचें पाप वंशपरंपरेनें त्यास चिकटतें. म्हणून लवकरच बाप्तिस्मा द्यावा. १६०९ सालीं आमस्टरडाममध्यें बॅप्टिस्ट मंडळी स्थापणाऱ्या जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकानें हें साफ नाकारलें. पाप तेंच, जें मनुष्य आपल्या इच्छेनें करतो. अर्भक निष्पाप, सबब बाप्तिस्मा स्वतः श्रद्धा ठेवणारासच.

मौज अशी, कीं इच्छास्वातंत्र्याच्या बाबतींत स्मिथ कॅथॉलिकांच्याच जवळ बसतो. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५४७ सालीं ठरविलें होतें, कीं पापानें मनुष्याची इच्छा दुबळी झाली, नष्ट झाली नाहीं. ईश्वरी कृपा ती स्वीकारूं शकते, झिडकारूंहि शकते. पुढें कॅल्व्हिनच्या मताचे बॅप्टिस्ट निघाले, त्यांनीं ही मुभा ठेविली नाहीं. देवानें निवडलेलेच तरणार.

आम्हांस बोचते ती तान्हें मूल दगावलेल्या आईची गोष्ट. बाप्तिस्मा राहून गेला असल्यास मध्ययुगीन कॅथॉलिक पंडित तिला 'लिंबो' सांगत. तेथें यातना नाहींत, पण ईश्वरदर्शनहि नाहीं. अशा बालकांच्या उद्धाराची आशा धरण्यास आधार आहे, असें व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रमंडळानें म्हटलें तें २००७ सालीं! स्मिथच्या मतांत तिला निःशंक धीर आहे. कॅल्व्हिनमती बॅप्टिस्टांचें १६८९ चें श्रद्धापत्रक मात्र 'निवडलेलीं' अर्भकें तरतात, एवढेंच सांगतें. आपलें मूल त्यांत होतें कीं नाहीं, हें तिनें कोणास विचारावें?