विजेची मोटारसायकल : किलोमीटरचा खरा हिशेब

मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची सीमा ओलांडली ती मे २०२१ मध्ये, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत ते शंभराच्या आत परतले नाही. ज्या कुटुंबाची मिळकत ठरावीक आहे आणि ज्यातील कर्त्या माणसास नोकरीसाठी रोज चाळीस किलोमीटर दुचाकीवरून जावे लागते, त्यास विजेच्या वाहनाची जाहिरात मोहक वाटावी यात नवल नाही. जाहिरातीत किलोमीटरला जे काही पैसे सांगितले जातात, तेवढ्यात खर्च खरोखर भागतो काय, हा प्रश्न आहे. आमच्या मते भागत नाही. परंतु म्हणून ती जाहिरात सर्वस्वी खोटी ठरते असेही नाही.

महिन्याला एक हजार किलोमीटर धावणारी साधी मोटारसायकल घ्यावी. शहराच्या गर्दीत ती लिटरला पन्नास किलोमीटर देते असे धरले, तर वीस लिटर पेट्रोलचे १०४ रुपये दराने २,०८० रुपये होतात. तशाच विद्युत् मोटारसायकलीस, बॅटरी भरताना उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज जमेस धरून, चाळीस युनिटे पुरावीत. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील उष्णतेचा फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. ते यंत्र कमी आणि चूल अधिक, असे म्हटले तरी चालेल. विजेच्या मोटारीत हा अपव्यय अगदी थोडा.

या चाळीस युनिटांचे पैसे किती, येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. गृहस्थ आपल्या बिलाच्या रकमेस युनिटांनी भागतो आणि निघालेला सरासरी दर गाडीस लावतो. वस्तुतः महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. गाडीची युनिटे दिवे, पंखे व फ्रिज यांच्यानंतर, म्हणजे जिन्याच्या वरच्या पायरीवर मोजली जावयास हवीत. वहन आकार व वीजशुल्क मिळवून ती चौदा रुपयांना पडली तर ५६०, आणि वातानुकूलन यंत्र असलेल्या घरात एकोणीस रुपयांना पडली तर ७६० रुपये. तरीही महिन्याकाठी तेराशे ते पंधराशे रुपये वाचतात. इंजिनातले ऑईल, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही. २०२२ मध्ये विद्युत् दुचाकींच्या त्रयस्थ विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूटही दिली गेली. टायर व ब्रेक मात्र दोहोंचेही झिजतात.

या वाचलेल्या पैशाला एक वाटेकरी आहे. तो म्हणजे बॅटरी. ती ८०,००० किलोमीटरनंतर बदलावी लागली आणि नव्या बॅटरीस ६०,००० रुपये पडले, असे समजू. म्हणजे किलोमीटरला ७५ पैसे, महिन्याला ७५० रुपये. वाचलेल्या रकमेपैकी निम्मी येथेच गेली! काही कारखानदार आता आठ वर्षांची हमी देतात हे स्वागतार्ह आहे. परंतु हमी संपल्यावर बदली बॅटरी कोणत्या भावाने मिळेल, हे किंमतपत्रकावर ठळक छापलेले सहसा दिसत नाही. जगाच्या बाजारात २०२४ मध्ये लिथियम बॅटरीचा सरासरी भाव किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होता; त्या भावाने दुचाकीच्या तीन किलोवॉट-तासांच्या बॅटरीचे तीस हजारही होत नाहीत. मग ग्राहकास ती कितीला आणि का, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. सरकारने हा आकडा प्रत्येक विक्रेत्याकडून लेखी मागवावा.

सरकारचे स्वतःचे धोरण मात्र स्थिर नाही. जून २०२१ मध्ये दुचाकीच्या बॅटरीमागे किलोवॉट-तासाला १५,००० रुपये अनुदान होते. जून २०२३ मध्ये ते १०,००० झाले, आणि २०२४ मध्ये ५,००० वर आले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या वाहनांवर तो पूर्वीपासूनच ५ टक्के होता. एका हाताने अनुदान काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने पेट्रोलची गाडी स्वस्त करावयाची, याला धोरण म्हणणे कठीण आहे.

ज्याचे फिरणे महिन्याला दोनशे किलोमीटरच आहे, त्या प्राध्यापकाचे बॅटरीचा वाटा वजा जाता फार तर दीडशे रुपयांच्या आसपास वाचतात. त्याने जुनी गाडी नीट ठेवावी हेच बरे. खरा लाभ दिवसाला शंभर किलोमीटर हिंडून घरोघर जेवण पोचविणाऱ्या मुलाचा. परंतु तो राहतो भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. खाली प्लग नाही. मग त्याने सार्वजनिक केंद्रावर जावे, तेथे चढा दर आणि वर १८ टक्के जीएसटी द्यावा, आणि गाडी भरेपर्यंतची मजुरी बुडवावी. ज्याला बचतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती सर्वांत महाग पडते.

घराच्या आवारात स्वतःच्या जोडणीवरून गाडी भरण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मुभा आहे. तरीही अनेक गृहरचना संस्थांच्या समित्या आगीची भीती पुढे करून नकार देतात. २०२२ मधील आगीच्या घटना पाहता ही भीती अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले आहेत. जिन्याखालून ओढलेली लोंबती वायर ही भीती वाढविते, वाहनतळावर बसविलेला रीतसर प्लग ती कमी करतो. महाराष्ट्रात विद्युत् वाहनांसाठी वीजदराचा वेगळा वर्ग २०१८ पासून आहे. संस्थांनी या वर्गात एक सामाईक मीटर घेतला, तर टप्प्यांच्या जिन्याची अडचण दूर होते आणि भाडेकरूही त्यात सामावतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रंगकाम व पाण्याची टाकी यांच्या जोडीला हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी आमची सभासदांस विनंती आहे.