जुना फिल्म प्रिंटर : भाव करण्यापूर्वी

जालन्याची ओळख बियाणे आणि पोलाद या दोन धंद्यांनी घडविली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिकोची स्थापना केली आणि त्यानंतरच्या दशकांत शहराभोवती बियाणे कंपन्या वाढत गेल्या. बियाणे म्हटले की पिशवी आली आणि पिशवी म्हटली की छपाई आली. लाखो पाकिटांचे काम ग्रॅव्ह्युअरच्या मोठ्या यंत्रांवर जाते. परंतु पाचशे-हजार कापडी पिशव्या, गोणपाटावरील नाममुद्रा, विक्रेत्यांना भेट द्यावयाच्या थैल्या अशी लहान कामे स्क्रीन प्रिंटिंगवरच परवडतात. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यावर कापड दुकानांच्या आणि किराणा पेढ्यांच्या कापडी पिशव्यांना मागणी आली. लग्नपत्रिकांचे काम तर पूर्वीपासूनचेच.

या धंद्यातील प्रत्येक काम एका पारदर्शक फिल्मपासून सुरू होते. फिल्मवर काळ्या शाईत मजकूर उमटवायचा, ती इमल्शन लावलेल्या जाळीवर ठेवायची आणि अतिनील प्रकाश द्यायचा. प्रकाश पडला तेथे इमल्शन घट्ट होते, काळ्या अक्षराखाली ते मऊ राहते आणि पाण्याने धुऊन जाते. त्या मोकळ्या जाळीतून पुढे रंग उतरतो. म्हणजे छपाईचा कस रंगापूर्वीच, फिल्मच्या काळेपणात ठरलेला असतो. लहान गावांतील छपाईवाले ही फिल्म बाहेरून करून आणतात किंवा ट्रेसिंग कागदावर लेझर प्रिंट काढून भागवितात. लेझर यंत्राच्या उष्णतेने कागद किंचित आक्रसतो. एकरंगी कामात ते खपते, तीन रंगांच्या कामात एक रंग दुसऱ्यावर नीट बसत नाही.

अशा घरात कधी तरी प्रश्न निघतोच : स्वतःचा रुंद फिल्म प्रिंटर का घेऊ नये? नवे यंत्र आवाक्याबाहेरचे असते. पुण्या-मुंबईकडील एखादा फोटो स्टुडिओ बंद होतो आणि त्याचा २४ इंची प्रिंटर दीड लाखात मिळतो आहे असे कळते. मुलगा उत्साहात असतो, वडील गप्प असतात. दोघांचेही म्हणणे चुकीचे नसते. हिशेब मात्र बहुधा कोणीच कागदावर मांडलेला नसतो.

तो मांडून पाहावा. समजा, हंगामाच्या चार महिन्यांत दरमहा ६० आणि उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा २५ फिल्म लागतात. बाहेर एका फिल्मला २५० रुपये पडतात, घरी शाई आणि फिल्म धरून ९० रुपये पडतील. प्रत्येक फिल्ममागे १६० रुपये वाचले. हंगामात ३८,४०० आणि एरवी ३२,०००, अशी वर्षाची बचत ७०,४०० रुपये होते. यंत्राचे दीड लाख आणि रिप सॉफ्टवेअरचे ४० हजार मिळून भांडवल १,९०,००० रुपये. त्यावर १२ टक्के व्याज धरले, तर पहिल्याच वर्षी २२,८०० रुपये व्याजात जातात आणि हातात ४७,६०० उरतात. मुद्दल जसजसे फिटेल तसे व्याज घटेल हे खरे, तरीही पैसे मोकळे होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. आठ-दहा वर्षे वापरलेले यंत्र आणखी तीन वर्षे विनातक्रार चालेल का, हा खरा प्रश्न आहे. हेच यंत्र ७० हजारांत मिळाले, तर उत्तर बदलते. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, रीत हीच.

दुसरा प्रश्न रुंदीचा. गेल्या वर्षभरातील कामांची वही काढून सर्वांत मोठ्या छपाईचे माप पाहावे. कापडी पिशवीवरील मजकूर पुष्कळदा १२ इंचांच्या आत बसतो. ते काम एप्सनच्या एल १८०० किंवा त्यानंतरच्या एल १८०५० सारख्या १३ इंच रुंदीच्या टेबलावरील प्रिंटरवरही होते, आणि या जातीचे यंत्र नवेसुद्धा बेताच्या किमतीत येते. १७ इंची ४८८०, २४ इंची ७८८० किंवा ७९०० ही यंत्रे मोठ्या पोत्यांसाठी, पोस्टरसाठी किंवा एका फ्रेमवर अनेक नग बसविण्यासाठी उपयोगी आहेत. ४४ इंची ९८८० वा ९९०० हे चादरी आणि साड्यांच्या छपाईचे साधन आहे. पिशव्यांच्या धंद्यात ते जागा अडविते. महिन्यातून दोनदा लागणारी मोठी फिल्म बाहेरून आणणे हा कमीपणा नव्हे.

रुंद यंत्रच लागणार असे ठरल्यास पहिली नजर प्रिंट हेडवर हवी. एप्सनच्या या यंत्रांत हेड कायमस्वरूपी बसविलेले असते. कॅनन आणि एचपीच्या पुष्कळ रुंद यंत्रांत ते उष्णतेच्या तत्त्वावर चालते आणि वापरणाऱ्यालाच बदलता येते. तरीही फिल्मच्या धंद्यात एप्सनकडे ओढा आहे, कारण बहुतेक रिप सॉफ्टवेअर त्याच यंत्रांशी जुळते. मात्र हेड बिघडल्यास ते बदलण्याचा खर्च जुन्या यंत्राच्या किमतीच्या बरोबरीस जाऊ शकतो. ७९०० आणि ९९०० यांत बुजणाऱ्या नोझलची तक्रार विशेष आढळते. स्वस्त मिळाले म्हणून त्यांवर झडप घालू नये.

पाहणीला जाण्यापूर्वी विक्रेत्यास सांगून ठेवावे की आदल्या रात्रीपासून यंत्र बंद राहू द्या. सकाळी आपल्यासमोर सुरू करवून नोझल तपासणीचा नमुना काढावा, मग फिल्मभर गर्द काळा पट्टा छापवावा आणि लगेच पुन्हा नोझल तपासावे. पहिला नमुना स्वच्छ आणि दुसरा तुटका आला, तर शाईचा पुरवठा कोठे तरी अडतो आहे. फिल्म प्रकाशपेटीवर धरून पट्ट्यात आडव्या फिकट रेषा दिसतात का ते पाहावे. मग एकच आकृती दोनदा छापून एकीवर दुसरी ठेवावी. टोकापासून टोकापर्यंत रेघा जुळल्या नाहीत, तर फिल्म ओढणारे रोलर झिजले आहेत असे समजावे. पोलादी पट्टीने ५०० मिलिमीटरची रेघ मोजणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, पण ती करणारा विरळा. यंत्रातूनच निघणाऱ्या स्थितिपत्रकावर एकूण छपाई आणि वाया गेलेल्या शाईच्या टाकीची पातळी नोंदलेली असते, तेही मागून घ्यावे. यंत्रात पूर्वी सब्लिमेशनची शाई घातली होती का, हे स्पष्ट विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर चहा घेऊन परतावे.

डोळ्याला काळे दिसते ते प्रकाशाला काळे असतेच असे नाही. घनता २ असेल, तर शंभरातील एक भाग प्रकाश आरपार जातो. ३ असेल, तर हजारातील एक. इमल्शन ज्या अतिनील प्रकाशाने घट्ट होते, त्या प्रकाशाला फिल्मने ३ किंवा त्याहून अधिक घनतेने अडविले पाहिजे. अन्यथा बारीक अक्षरे बुजतात आणि कमी वेळ प्रकाश द्यावा, तर इमल्शन कच्चे राहून पाण्याबरोबर सुटते. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव, उगवणशक्ती, वैधता असा बारीक मजकूर असतो. तेथे एक आकडा बुजला, तर संपूर्ण माल परत येऊ शकतो. म्हणून शक्य असल्यास आपली इमल्शन लावलेली फ्रेम सोबत नेऊन तेथेच एक्सपोज करून पाहावी.

रिप सॉफ्टवेअरचा परवाना हा वेगळा विषय आहे. तो पुष्कळदा विशिष्ट मॉडेलला किंवा डोंगलला बांधलेला असतो. ‘सॉफ्टवेअर सोबत देतो’ याचा अर्थ परवाना आपल्या नावे होणार की नुसता जुना संगणक मिळणार, हे लेखी घ्यावे.

कागदपत्रांत व्यापारी घरेही ढिलाई करतात. यंत्र कर्जावर घेतलेले असेल, तर ते बँकेकडे तारण असते आणि विकणाऱ्याला ते परस्पर विकता येत नाही. मूळ बिल, बँकेचा ना-हरकत दाखला आणि सरसाईच्या नोंदवहीतील शोध ही तिन्ही पाहावीत. बिल अनुक्रमांकासह घ्यावे. जीएसटीची वजावट आणि घसारा दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत. भांडवली वस्तूसाठी एका व्यक्तीस एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम आयकरात किमतीत धरली जात नाही. ‘बिलाशिवाय पाच हजार कमी’ हा सौदा येथेच महाग पडतो.

राहिला हवामानाचा भाग, आणि मराठवाड्यात तोच सर्वांत अवघड. एप्सनच्या या यंत्रांसाठी तापमान १० ते ३५ अंश आणि आर्द्रता २० ते ८० टक्के असावी असे कंपनी सांगते. जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते आणि नोझलवरील शाई सुकते. खरिपाच्या पिशव्यांची घाई नेमकी याच दिवसांत असते. बंद खोली, ओलसर हवा देणारे साधन आणि यूपीएस यांचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा. काम असो वा नसो, रोज एक लहान नमुना छापावा, कारण पडून राहिलेले हेड चालत्या हेडपेक्षा लवकर बिघडते.

पाडव्याचा मुहूर्त साधून यंत्र आणण्याची हौस अनेकांना असते. पण त्यानंतर हंगामाला जेमतेम काही आठवडे उरतात आणि शिकण्याची वेळ गिऱ्हाइकाच्या मालावर येते. दसऱ्याला घेतले, तर हिवाळाभर हात बसतो. आणताना शाईच्या नळ्या रिकाम्या करून, हेड जागेवर अडकवून यंत्र आडवे न करता टेम्पोत चढवावे, आणि उतरविल्यावर त्याच दिवशी नोझल तपासणीचा नमुना काढून विक्रेत्याकडे काढलेल्या नमुन्याशेजारी ठेवून पाहावा.